अठरा मिनिटांच्या व्याख्यानाविषयी एका विद्यार्थिनीस

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा भाषणाचा मसुदा, दोन्ही सावकाश वाचले. नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयाने तुला ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांवर अठरा मिनिटे बोलायला बोलावले आहे, आणि तुझ्या प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठांनी मात्र ‘असल्या कार्यक्रमांत आता काही राम उरलेला नाही, तू आपले काम कर’ असे सांगितले आहे. ही छोटी, लोकप्रिय जाहीर व्याख्याने खरोखरच पूर्वीपेक्षा निकृष्ट झाली आहेत का, आणि झाली असतील तर आपण तिथे उभे राहावे का, असे तू विचारतेस. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. सरासरी दर्जा घसरला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही तू जावेस असे मला वाटते, मात्र व्याख्यानानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांना वेळ ठेवायची तयारी आयोजकांनी दाखवली तरच. ही अट मी का घालतो हे समजायला घसरण नेमकी कशात झाली आणि कशात झाली नाही, ते जरा खोलात जाऊन पाहावे लागेल, म्हणून पत्र लांबणार आहे.

‘पूर्वीची व्याख्याने काय असायची!’ हे वाक्य आपल्या ठाण्यात वरचेवर कानावर पडते. ते जसेच्या तसे स्वीकारू नकोस. आपली परंपरा मोठी आहे, हे खरेच. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ठाण्यात वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, आणि पुस्तके वाचणारा व व्याख्याने ऐकणारा जो वर्ग या गावात तयार झाला, त्याच्याच जोरावर पुढे इथल्या व्याख्यानमाला चालल्या. जानेवारीच्या थंडीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला नौपाड्यातल्या शाळेच्या पटांगणात स्वेटर-मफलर घालून बसणारा श्रोता दंतकथेतला नाही, तो आजही येतो. पण माणसाची आठवण निवड करते. शिवाजीराव भोसल्यांचे किंवा राम शेवाळकरांचे व्याख्यान ज्याने ऐकले, तो ते आयुष्यभर सांगत राहतो. त्याच आठवड्यात झालेली इतर कंटाळवाणी व्याख्याने मात्र त्याच्या लक्षात राहत नाहीत, आणि मग पूर्वीच्या सर्वोत्तमाची तुलना आजच्या सर्वसाधारणाशी होत राहते. मी अनेक वर्षे श्रोता म्हणून आणि काही वर्षे आयोजकांच्या बाजूने या सभागृहांत बसलो आहे. सहाची वेळ जाहीर झालेली असे. साडेसहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याचेच एक छोटेखानी भाषण, आणि एवढे सगळे उरकल्यावर उभा राहिलेला वक्ता तासभर बोलला तरी त्यातला मुद्दा दहा मिनिटांत सांगून झाला असता, असे अनेकदा होई. तेव्हा लांबी म्हणजे खोली, हे समीकरण मनात धरू नकोस. कमी वेळात बोलायला लावणे हे वक्त्यावर आणि श्रोत्यावर दोघांवरही उपकार असू शकतात, कारण काय गाळायचे हे ठरवताना आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे, याचा वक्त्याला पहिल्यांदा पत्ता लागतो.

छोट्या व्याख्यानाचा आजचा साचा ज्या ‘टेड’ या व्याख्यान-परिषदेमुळे जगभर पोहोचला, तिची वाटचाल पाहिलीस तर घसरणीचे पहिले कारण आपोआप दिसेल. रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे पहिली परिषद भरवली. तिथे नव्यानेच आलेली कॉम्पॅक्ट डिस्क लोकांना दाखवली गेली, आणि बेन्वा मांडेलब्रॉ या गणितज्ञाने आपल्या फ्रॅक्टल (तोच आकार लहान प्रमाणात पुन्हापुन्हा येणाऱ्या) भूमितीने किनारपट्टीची आकृती कशी मांडता येते ते सांगितले. परिषद तोट्यात गेली आणि दुसरी भरायला १९९० उजाडले. त्यानंतर ती दरवर्षी होऊ लागली. २००१ मध्ये सूत्रे ख्रिस अँडरसन यांच्याकडे गेली, २००६ च्या जूनपासून व्याख्याने इंटरनेटवर सर्वांना मोफत पाहता येऊ लागली, आणि २००९ मध्ये ‘टेडएक्स’ या नावाने गावोगावच्या लोकांना आपापले कार्यक्रम भरवण्याचे विनामूल्य परवाने मिळू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हैसूरला ‘टेड इंडिया’ झाली. अठरा मिनिटांची मर्यादा ढोबळमानाने सगळीकडे तीच राहिली. बदलली ती व्यासपीठांची संख्या. एका सभागृहासाठी जिथे जगभरातून माणसे निवडली जात, तिथे आज दरवर्षी हजारो कार्यक्रम होतात आणि त्या प्रत्येकाला एका दिवसासाठी आठ-दहा वक्ते हवे असतात. त्याच धर्तीवर दुसऱ्या नावांनी होणारे महाविद्यालयीन कार्यक्रम त्याहून निराळे, आणि घोडबंदर रस्त्यापासून खारघरपर्यंत त्यांची आपल्याकडे वाण नाही. सांगण्याजोगे काही ज्यांच्यापाशी आहे अशी माणसे त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. बोलायला तयार असलेली माणसे मात्र कधीच कमी नव्हती. सरासरी खाली येण्यासाठी एवढे पुरेसे आहे. त्यासाठी कुणाला दोषी धरायचे कारण नाही, आणि या विस्ताराचा फायदाही विसरू नये, कारण एका आदिवासी पाड्यावरच्या शिक्षिकेला किंवा ऐरोलीच्या खाडीत चिखल तुडवणाऱ्या तुझ्यासारख्या विद्यार्थिनीला माँटेरेच्या त्या सभागृहात कुणी बोलावले नसते.

पण संख्या हे वरवरचे कारण आहे. त्याखाली आणखी एक आहे, आणि तुझ्याशी त्याचा थेट संबंध आहे. चांगले छोटे व्याख्यान हे पुष्कळ कामाचे शेवटचे टोक असते. हान्स रोसलिंग यांचे २००६ चे व्याख्यान तू पाहिले असशील. नसेल तर पाहा, आणि रंगीत बुडबुडे सरकताना पाहून थांबू नकोस, त्यामागे काय आहे ते बघ. हा माणूस स्वीडनमधला डॉक्टर. तरुणपणी तो मोझांबिकमध्ये काम करायला गेला, आणि कसावा कंद नीट प्रक्रिया न करता खाल्ल्याने पाय लुळे पाडणारा जो कोन्झो नावाचा रोग होतो, त्याच्या साथींचा त्याने आफ्रिकेत पुढे सुमारे दोन दशके अभ्यास केला. मग स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत शिकवताना आपल्या विद्यार्थ्यांना जगाविषयी काय ठाऊक आहे, हे त्याने तपासून पाहिले. देशांच्या पाच जोड्या दिल्या. प्रत्येक जोडीत एका देशाचा बालमृत्यूदर दुसऱ्याच्या दुप्पट. कोणत्या देशाचा जास्त, एवढेच सांगायचे. विद्यार्थ्यांची सरासरी पाचांपैकी १.८ उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी २.५ आली असती. म्हणजे विद्यार्थ्यांपाशी असलेली उणीव केवळ अज्ञानाची नव्हती, मनात आधीपासून घट्ट बसलेल्या चुकीच्या समजुतींची होती, आणि ही गोष्ट त्याने मोजून दाखवली. नंतर मुलगा आणि सून यांच्या मदतीने तयार केलेल्या संगणकीय आलेखावर १९६२ पासूनची दरवर्षीची आकडेवारी पुढे सरकवत नेली, आणि ‘आपण व ते’ अशी जगाची विभागणी कशी पुसट होत गेली ते श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर घडू दिले. व्याख्यान सुमारे वीस मिनिटांचे आहे. त्या वीस मिनिटांतले प्रत्येक विधान तपासता येते, कुणालाही ते खोडून काढायचा प्रयत्न करता येतो, आणि वक्त्याला त्याची भीती वाटत नाही, कारण ती तपासणी त्याने स्वतः आधीच केलेली आहे.

अलीकडे मी जी व्याख्याने ऐकतो, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा झालेला आढळतो. व्यासपीठ आधी मिळते, मग विषय शोधला जातो, मग विषयाला शोभेल असा स्वतःच्या आयुष्यातला एक कठीण प्रसंग निवडला जातो, आणि सतराव्या मिनिटाला टाळ्यांसाठी एक वाक्य ठेवले जाते. त्यात खोटे काही नसते. फक्त श्रोत्याला वाद घालता येईल असेही काही नसते. ‘अपयशाला घाबरू नका’ या वाक्याशी कुणाचा मतभेद असणार? ज्या वाक्याच्या विरुद्ध बाजूला कुणीच उभे राहू शकत नाही, त्या वाक्याने श्रोत्याच्या ज्ञानात भर पडत नाही, आणि माझ्या दृष्टीने घसरण झाली आहे ती इथे. आपल्याकडे याची जमीन आधीपासून तयार होती, हेही मान्य करायला हवे. शाळा-महाविद्यालयांतल्या वक्तृत्व स्पर्धा आठव. सात मिनिटे, सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, सुरुवातीला कवितेच्या दोन ओळी, मध्ये हातवारे, शेवटी आवाज चढवून आवाहन, आणि विषय हुंडाबंदी असो की अंतराळ संशोधन, भाषणाचा घाट तोच. विषयाची माहिती बरोबर आहे का, यासाठी परीक्षकांच्या कागदावर रकाना असे, पण गुण जात ते उच्चारांना आणि आविर्भावाला. उत्तम बोलणारी अनेक मुले त्या स्पर्धांनी घडवली, याचा मला आदर आहे; बोलणे आणि सांगणे यांत फरक न करण्याची सवयही त्यांनीच लावली.

आता एक अवघड उदाहरण सांगतो, कारण वरच्या परिच्छेदावरून तुला वाटेल की संशोधन केलेल्या माणसाचे व्याख्यान म्हणजे निर्धोक. तसे नाही. सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासक एमी कडी यांनी २०१२ मध्ये दिलेले व्याख्यान कोट्यवधी लोकांनी पाहिले आहे. कंबरेवर हात ठेवून, छाती काढून दोन मिनिटे उभे राहिले तर शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल कमी होते आणि माणूस अधिक धीट वागतो, असे त्यात सांगितले होते. या म्हणण्याला आधार होता. २०१० मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेला शोधनिबंध. पण त्या प्रयोगातल्या व्यक्ती ४२ होत्या. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० व्यक्तींवर तसाच प्रयोग केला, तेव्हा आपल्याला बळ आल्यासारखे वाटते एवढे लोकांनी सांगितले, मात्र संप्रेरकांवर किंवा वागण्यावर परिणाम आढळला नाही. आणि २०१६ मध्ये मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डाना कार्नी यांनी हा परिणाम खरा आहे असे आपल्याला आता वाटत नाही, असे जाहीरपणे लिहिले. एखाद्या निष्कर्षाची अशी पुन्हा तपासणी होणे हे विज्ञानाच्या प्रकृतीला धरूनच आहे, त्यात कुणाची मानहानी नाही. अडचण व्याख्यानाची आहे. शोधनिबंध वाचणाऱ्याला ४२ हा आकडा पहिल्या पानांवरच भेटतो आणि तो सावध होतो. सभागृहातल्या श्रोत्याला, आणि नंतर मोबाइलवर ते पाहणाऱ्याला, असा सावध करणारा थांबा मिळत नाही. व्याख्यानासोबत पुढे एक टीप जोडली गेली की या निष्कर्षांविषयी अभ्यासकांत वाद आहे, पण मुलाखतीला जाण्यापूर्वी आरशासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहणाऱ्या किती जणांनी ती वाचली असेल? खुद्द टेडनेही २०१२ च्या डिसेंबरात स्थानिक आयोजकांना पत्र पाठवून खोट्या आणि कच्च्या विज्ञानापासून सावध राहण्यास सांगितले होते, म्हणजे धोका त्यांच्याही लक्षात आला होता. परंतु महाविद्यालयातल्या विद्यार्थी-आयोजकाने एखाद्या वक्त्याचा दावा तपासायचा तरी कसा? ते काम त्याच विषयातला श्रोता करू शकतो, आणि त्या श्रोत्याचे तोंड या साच्याने बंद केले आहे.

मी ज्या अटीविषयी सुरुवातीला लिहिले, ती इथून आली. व्याख्यान संपले की टाळ्या, आणि टाळ्या संपल्या की पुढचा वक्ता; मध्ये प्रश्न नाही. चित्रीकरणाच्या सोयीसाठी ही रचना झाली असेल, पण तिने जे हिरावले ते फार मौल्यवान होते. आपल्या व्याख्यानमालांत कागदाच्या चिठ्ठ्या फिरत, हे तू क्वचित पाहिले असशील. शेवटची पंधरा-वीस मिनिटे अध्यक्षांच्या हाती त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असे. काही चिठ्ठ्यांवर प्रश्नाऐवजी लांबलचक मतच लिहिलेले असे, काही वाचण्याजोग्या नसत, पण गठ्ठ्यात एखादी चिठ्ठी अशी निघे की वक्ता क्षणभर थांबे, चष्मा काढे आणि म्हणे, ‘हे मला तपासावे लागेल.’ तासाभराच्या व्याख्यानापेक्षा त्या वाक्यातून श्रोत्याला अधिक शिकायला मिळे, कारण ज्याला एवढे ठाऊक आहे त्याचीही माहिती कुठेतरी संपते आणि ती कुठे संपते हे तो सांगू शकतो, हे डोळ्यांसमोर दिसे. उलट पुष्कळ भपकेबाज व्याख्याने त्या पंधरा मिनिटांत उघडी पडत, आणि पुढच्या वर्षी निवड करताना आयोजकांना ते आठवे. प्रश्नोत्तरे गेली तेव्हा गुणवत्ता राखणारी ही घरगुती व्यवस्थाच गेली.

जयंत नारळीकरांची एक पद्धत तुला माहीत असावी. व्याख्यानानंतर स्वाक्षरीसाठी गर्दी करणाऱ्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर मला विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन आणि त्याखाली माझी सही असेल. व्याख्यान तिथे संपू नये, ते श्रोत्याच्या प्रश्नापर्यंत जावे, ही धडपड त्यामागे होती. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेमध्ये शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने याच वृत्तीने चालली. आपल्या जवळ पाहायचे तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेला ‘चाय अँड व्हाय’ हा रविवारचा उपक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात होत आला आहे. तिथे वक्त्याला मध्येच थांबवून शाळेतले पोरही प्रश्न विचारते. हा कार्यक्रम लोकप्रिय आहे, आणि तरीही पोकळ नाही. ठाण्याहून माटुंग्याला जायला फार वेळ लागत नाही. जाऊन ये, आणि वक्त्यापेक्षा श्रोत्यांकडे लक्ष दे. त्याहीपूर्वी गाडगेबाबांच्या कीर्तनाचे काय होते? समोरच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांना ते प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचत. मोठ्या समुदायासमोर प्रश्न चालत नाहीत, या सबबीला आपल्याच मातीत इतके जुने उत्तर आहे.

कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर तुझ्या मसुद्याकडे वळतो, कारण त्यात मला खटकलेली गोष्ट त्याच्या आधारे नीट सांगता येईल. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आधी येतो. मूळ पद घ्यायचे, त्यातला सिद्धान्त उलगडायचा, शंका काढायच्या, त्यांचे निरसन करायचे. मग उत्तररंगात त्या सिद्धान्ताला साजेसे आख्यान लावायचे आणि शेवटी मूळ पदावर यायचे. गोष्ट रसाळ असते, लोक खरे तर तिच्यासाठीच बसतात, पण ती आधी मांडलेल्या विचाराला बांधलेली असते. तुझ्या मसुद्यात पहिली सहा मिनिटे गोष्टच आहे. ऐरोलीच्या जेट्टीवरून पहाटे निघालेली होडी, धुके, अचानक उठलेला गुलाबी थवा, डोळ्यांत आलेले पाणी. लिहिले सुंदर आहेस. त्यानंतर ‘निसर्गाने आपल्याला दिलेली ही पावती आहे, खाडी अजून जिवंत आहे’ असे वाक्य येते, आणि त्या वाक्यावर श्रोते टाळ्या वाजवतील, हे मला दिसते आहे. पण ते वाक्य तुझ्याच वहीतल्या नोंदींशी जुळत नाही.

तुझी वही मी पाहिली आहे. लहान रोहित गाळावरचे नीलहरित शैवाल गाळून खातो, त्याच्या पिसांचा रंगही त्याच आहारातून येतो. मोठा रोहित गाळातले छोटे जीव खातो. दोघांच्या चोचींची ठेवण त्यामुळे वेगळी. ठाणे खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले १९९० च्या दशकापासून, आणि त्याच्या कारणांत अभ्यासक ज्याची गणना करतात ते कारण गोड नाही: खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांमुळे शैवाल फोफावते, आणि शैवालामागे लहान रोहित येतात. म्हणजे वाशीच्या पुलावरून लोकलच्या दारातून आपण ज्या गुलाबी पट्ट्याकडे कौतुकाने पाहतो, तो पट्टा काही अंशी आपल्याच घाणीवर पोसलेला असू शकतो. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आणि ते योग्यच झाले. पण पक्षी आले म्हणजे पाणी शुद्ध, हा जो समज शहरभर पसरला आहे, तो मोडण्याइतकी सामग्री तुझ्याजवळ आहे आणि तू तीच मसुद्यातून वगळली आहेस. का वगळलीस, तेही मी ओळखतो. गुंतागुंत सांगितली तर लोक कंटाळतील, असे तुला वाटले. तसे होत नाही. तू त्यांना विचार की सांडपाणी उद्या पूर्णपणे शुद्ध करून सोडले, तर हे लहान रोहित राहतील का, आणि राहणार नसतील तर आपल्याला काय हवे, पक्षी की स्वच्छ खाडी? नेरूळच्या तळ्याकाठी दुर्बीण घेऊन उभे राहणारे, दिवाळे गावातले मासेमारी करणारे आणि सीवूड्सच्या सोसायट्यांत राहणारे, या तिघांची उत्तरे वेगवेगळी येतील. तो प्रश्न त्या सभागृहात आजवर कुणी विचारला नसेल.

सोपे करून सांगणे आणि पोकळ करून सांगणे यांतला फरक मायकेल फॅरेडे या वैज्ञानिकाकडून शिकता येतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात त्याने मुलांसाठी सहा व्याख्याने दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर. श्रोते लहान होते म्हणून त्याने एकही विधान पुराव्यावाचून सोडले नाही. ज्योतीतून वाफ बाहेर काढून ती पेटवून दाखवली, जळताना पाणी तयार होते म्हणाला तर ते पाणी दाखवले. तुझ्याकडे गाळाच्या नमुन्यांच्या बाटल्या आहेत. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली शैवालाची छायाचित्रे आहेत. दोन हंगामांच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. पडद्यावर सूर्योदयाची चित्रे टाकण्यापेक्षा एक बाटली हातात धरून उभी राहा, त्यातला हिरवट थर दाखव आणि तो कुठल्या नाल्याच्या तोंडाशी मिळाला ते सांग. तुझ्या नोंदी दोनच हंगामांच्या आहेत, हेही त्याच वेळी सांग. तेवढ्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे सांगायला एक मिनिट पुरते. त्या एका मिनिटाने व्याख्यानाची चमक कमी होईल, असे आयोजक म्हणतील. त्यांचे ऐकू नकोस.

भाषण शब्दशः पाठ करायचे, असा या कार्यक्रमांत आग्रह असतो. वेळ पाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे खरे, पण पाठ केलेला वक्ता श्रोत्यांचे चेहरे पाहूनही वाट बदलू शकत नाही. तू मुद्द्यांचा क्रम आणि आकडे पाठ कर, पहिले व शेवटचे वाक्य पक्के कर, मधली वाक्ये त्या वेळी येतील तशी येऊ दे. भाषेचेही तसेच. मसुद्यात निम्मी वाक्ये इंग्रजी घाटाची आहेत. खाडीकाठचे लोक ओहोटी, उधाण, चिखल, खारफुटी, निवटी, कालवे हे शब्द रोज वापरतात. ते तुझ्या तोंडी असले तर दिवाळ्याहून आलेला श्रोता प्रश्न विचारायला कचरणार नाही. पारिभाषिक शब्द जिथे हवाच तिथे वापर आणि एकदा समजावून दे. स्वतःचा अनुभव पूर्ण काढून टाक असे मी म्हणत नाही. होडीचे वर्णन एका मिनिटात बसव आणि शैवालाचा मुद्दा मांडून झाल्यावर ते आण. तिथे ते त्या मुद्द्याचे आख्यान होईल.

आयोजकांशी बोलताना संकोच करू नकोस. अठराऐवजी बारा मिनिटे बोलते, उरलेली सहा प्रश्नांना द्या, असे लेखी कळव. त्यांचा साचा अगदीच कडक असेल आणि व्यासपीठावर प्रश्न घेता येत नाहीत असे उत्तर आले, तर मध्यंतरात सभागृहाबाहेर एक टेबल मागून घे, त्यावर बाटल्या आणि एक साधे सूक्ष्मदर्शक ठेव, आणि व्याख्यानाच्या शेवटी सांग की ज्यांना शंका असतील त्यांनी तिथे यावे. तेही नाकारले, तर मात्र नम्रपणे निमंत्रण परत कर. सादरीकरण झाल्यावर त्याचे चित्रीकरण इंटरनेटवर येईल. त्यातला एखादा मिनिटाचा तुकडा कापून वेगळा फिरवला जाईल, हे गृहीत धरून असे एकही वाक्य ठेवू नकोस जे एकटे ऐकले असता उलटा अर्थ देईल. पावतीचे ते वाक्य नेमके तसे आहे.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांग. त्यांची नाराजी मला समजते, पण जाणकारांनी ही व्यासपीठे सोडून दिली तर त्यांवर कोण उभे राहील, याचाही त्यांनी विचार करावा, असे माझ्या वतीने सांग. नवा मसुदा झाला की येत्या शनिवारी संध्याकाळी घरी ये. शेजारच्या दोन-तीन शाळकरी मुलांना आणि ठाण्याच्या खाडीत पूर्वी मासेमारी करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका आजोबांना मी बोलावून ठेवतो. त्यांच्यासमोर बारा मिनिटे बोल आणि नंतर त्यांना हवा तितका वेळ विचारू दे. येताना गेल्या पावसाळ्याआधीच्या नोंदींची वही आण, मार्चमधल्या दोन आकड्यांविषयी मलाच काही विचारायचे आहे.

तुझा,
शुभेच्छुक शिक्षक